सात नंबरची वीतभर तार

त्या दिवशी कस्तुराबाईंच्या नळाला पाणी यायचं होतं. आठवड्यातून एकदा येणारं पाणी नेमकं लेकीच्या परीक्षेच्या दिवशी यावं, याचंही त्यांना आता काही वाटेनासं झालं होतं. दोन ड्रम, चार हंडे आणि जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्या भरून झाल्या. कंबर सरळ करायला त्या ओट्याला टेकल्या, तर समोर प्रांजली प्रॅक्टिकलचं जर्नल पिशवीत घालत होती. तिचा चेहरा उतरलेला, वेणी एका बाजूला कलंडलेली. आणि चौदा वर्षांत जे कधी केलं नव्हतं, ते कस्तुराबाई त्या घडीला करून बसल्या.

"सातला दहा हाय," त्या म्हणाल्या. "नऊला पाच. अकराला पंधरा. ध्यानात ठिव."

प्रांजलीने वर बघितलं. पिशवीची चेन ओढली आणि चपला शोधू लागली.

आकडे कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतले होते. कस्तुराबाई तिथं लॅब अटेंडंट होत्या. आधी त्यांचे मालक भिकन त्या जागेवर होते. ते गेले तेव्हा प्रांजली चार वर्षांची होती. अनुकंपेवर ती जागा कस्तुराबाईंना मिळाली, तोवर त्यांनी अमीटर हा शब्दही ऐकला नव्हता. दहावी झालेली बाई, माहेर कन्नडच्या घाटाकडचं, घरात मेंढरं. पहिल्या वर्षी त्या नुसती टेबलं पुसत होत्या. दुसऱ्या वर्षी कोणत्या वायरीला कोणता स्क्रू ते कळलं. पुढं पुढं तर एखाद्या पोराचं कनेक्शन उलटं झालं की लांबूनच त्या म्हणत, "बाळा, सुई डावीकडं पळायली, बघ की." पोरं त्यांना मावशी म्हणत.

आता हे आकडे काय, तेही सांगायला हवं. बारावीच्या प्रॅक्टिकलला नंबर घातलेली एक तारेची गुंडाळी देतात. तिच्यातून वीज सोडायची, किती व्होल्ट लावले ते एका मीटरवर वाचायचं, किती अँपियर वाहिले ते दुसऱ्यावर. व्होल्टला अँपियरने भागलं की तारेचा रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते, ते ओहममध्ये निघतं. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे वॅट. पाच वेळा वाचायचं, आलेख काढायचा, रेघ सरळ आली की झालं. पण काटा थरथरतो, वेळ पुरत नाही, आणि गुंडाळ्या वर्षानुवर्षं त्याच. त्यामुळे पोरांनी आपली एक रीत बसवली होती. उत्तर आधी, रीडिंग मागून. सात नंबरचं उत्तर दहा हे वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपोआप येई. मग एका व्होल्टला पॉइंट दहा, दोन व्होल्टला पॉइंट वीस असं लिहीत जायचं, एखादा आकडा मुद्दाम इकडे-तिकडे सरकवायचा म्हणजे खरं वाटतं. याला म्हणायचं रीडिंग बसवणं. मीटरकडे बघायचंही कारण नाही. शिक्षकांना माहीत होतं, कस्तुराबाईंना माहीत होतं. त्यांनी कुणाला आकडा सांगितला नव्हता आणि कुणाला अडवलंही नव्हतं.

प्रांजलीला मात्र रीडिंग बसवता येत नव्हतं. एकेक आकडा ती तीन-तीनदा बघायची. सराव परीक्षेत याच पायी तिचा आलेख अर्धा राहिला आणि तीसपैकी सतराच गुण पडले. लेखी पेपर तिला जड जात. प्रॅक्टिकलचे तीस हे हातचे गुण. तेही गेले तर इंजिनिअरिंगच्या सरकारी कॉलेजचं नावच काढायला नको. दोन महिने कस्तुराबाईंना हाच एक घोर होता. म्हणून तोंडून ते आकडे गेले.

परीक्षेचा हा तिसरा दिवस. पहिले दोन दिवस कस्तुराबाईंनी आत काम केलं होतं. आज लेक परीक्षेला, म्हणून पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मनस्विनी मॅडमनी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं होतं. "नियम आहे, कस्तुराबाई. तुम्ही आज दाराच्या आत यायचं नाही." आत केमिस्ट्रीच्या लॅबमधला कचरू होता. कस्तुराबाई व्हरांड्यात पाण्याच्या जारपाशी बाकावर बसल्या होत्या. बसून राहण्याची सवय नसलेल्या माणसाला बसणं किती जड जातं, ते त्या दिवशी त्यांना कळलं. पाय सुजले होते, पण उठून कुठं जाणार?

तासाभराने कचरू ग्लास घेऊन बाहेर आला. हा माणूस रडतानाही थट्टा करील असा.

"वहिनी, तुमच्या पोरीला काय खाऊ घालता हो? सिमेंट?"

"का? काय झालं?"

"सातवा नंबर निघाला तिच्या चिठ्ठीत."

सात. सकाळी पहिला तोच सांगितला होता.

"मग बरंय की."

"कशाचं बरं! तिचं उत्तर आलंय आठ पॉइंट तीन. परीक्षक साहेबाच्या यादीत दहा. साहेब म्हणले, बाळ, कुठंतरी चुकलं तुझं, परत घे. हिनं सगळ्या वायरी सोडल्या, परत जोडल्या. परत आठ पॉइंट तीन. साहेब म्हणले, अजून एकदा. तिसऱ्यांदा सोडायली आता. बाजूचा पोरगा दोनदा खोकला, दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा म्हणून. हिनं बघितलं अन् मान खाली घातली." कचरूने पाणी भरलं. "वीस मिनिटं राहिली. शक्तीचं गणित अजून तसंच हाय."

तो आत गेला. कस्तुराबाईंना आधी आला तो राग. घरची माहिती, आईच्या तोंडची, आणि पोरगी लिहीत नाही. चार अक्षरं खोटी लिहिली तर आभाळ कोसळणार होतं का? बाकीची लिहितातच ना? ही एकटी कोण लागून गेली? असा संताप करता करता त्यांनी पदराने मान पुसली, आणि पदराला येत होता तो पितळ घासायच्या पावडरचा वास नाकात गेला. त्यामागून आठवला दुसरा एक वास. जळक्या कापसाचा.

डिसेंबरातली गोष्ट. सरावाच्या वेळी कुणीतरी सात नंबरला बॅटरीची कळ पार बारा व्होल्टवर फिरवून ठेवली होती. तिला दोन-अडीच व्होल्टच द्यायचे असतात. पोरं गेल्यावर कस्तुराबाईंनी बघितलं, तर स्क्रूकडचं टोक काळं पडून तुटलेलं, तारेवरचं कापसाचं वेष्टण जळलेलं. नवी गुंडाळी मागवायची म्हणजे अर्ज, मग सही, मग पुढचं वर्ष. त्यांनी तार सगळी उलगडली, काळा तुकडा पक्कडीने कापला, टोक ब्लेडने खरवडलं, परत नीट गुंडाळून स्क्रूखाली आवळली. 'दहा ओहम' लिहिलेली चिठ्ठी निघाली होती, ती डिंकाने परत लावली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? माहेरी त्यांची माय दिवसभर चातीवर लोकर कातायची. सूत तुटलं की दोन टोकं थुंकी लावून पिळायची आणि चाती पुढं. सांधलेलं सूत म्हणजे पहिलंच सूत, किती गेलं ते कुणी विचारत नसे. कस्तुराबाईंच्या हाताने तेच केलं. तार तीच, तर आकडा तोच.

आता बाकावर बसल्या-बसल्या त्यांना मनस्विनी मॅडमचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. दर वर्षी जुलैत, फळ्यासमोर: तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, लांबी घटली की रोध घटतो. चौदा जुलै त्यांनी हे वाक्य केर काढता काढता ऐकलं होतं. कान ऐकत होते, हातांनी कधी ऐकलं नव्हतं.

पोरगी बरोबर होती. मीटर बरोबर होता. आकडा आईनेच खोटा केला होता, आणि सकाळी तोच खोटा आकडा तिच्या हातात दिला होता.

आत जावं तर काय होईल, तेही त्यांना दिसत होतं. परीक्षा चालू असताना परीक्षार्थीची आई दारात. साहेबाने मनात आणलं तर कॉपीची केस करील, तीसच्या तीस जातील. शिवाय नोंद न करता सामानाला हात लावला म्हणून नोकरीवर बालंट. आणि नाही गेलं तर? तर पोरगी एक तर शून्य घेईल, नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत हरून दहा लिहील. दुसरं जास्त वाईट का वाटतंय, ते कस्तुराबाईंना सांगता आलं नसतं. त्या उठल्या.

दाराच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मॅडम, सात नंबरची तार मी कापलेली हाय."

सगळी लॅब थांबली. मनस्विनी मॅडमच्या हातातला पेन तसाच राहिला. सोयगावहून आलेले परीक्षक सुदर्शन सर चष्म्यावरून बघू लागले. तीन दिवस तीच उत्तरं तपासून त्यांचेही डोळे लाल झाले होते.

"तुम्ही कोण?"

"मी इथली अटेंडंट, सर. अन् हिची आई."

कुणीतरी हसलं. सरांनी टेबलावर हात आपटला. "शांत! बाई, तुम्ही काय करताय ते कळतंय तुम्हाला? मुलीला सांगायला आलात?"

"तिला नाय सर, तुम्हाला सांगाया आले. तिचं तिनं लिहिलंच हाय. डिसेंबरात तार जळाली, मी कापून सांधली, नोंद केली नाय. यादीत दहा ऱ्हायलं ते माझ्यामुळं."

"कस्तुराबाई, हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" मनस्विनी मॅडम हळू म्हणाल्या. रागापेक्षा थकवाच जास्त होता त्या आवाजात.

सुदर्शन सरांनी समोरचा कागद ओढला. मग म्हणाले, "किती कापली?"

कस्तुराबाईंनी उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली. "वीतभर."

"आणि सगळी मिळून किती होती?"

"सहा विती. उलगडली तवा मोजली होती."

"विती!" मागून पोरांच्यात खसखस पिकली. कचरू म्हणाला, "हसू नका रे, तुमची फूटपट्टी तरी कुठं खरी असती."

सरांनी हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात ते पुटपुटत लिहीत होते. "सहा वितींना दहा ओहम. एक गेली, राहिल्या पाच. दहा गुणिले पाच, भागिले सहा." त्यांनी पेन उचलला. आठ पॉइंट तीन तीन.

ते उठून प्रांजलीच्या टेबलापाशी गेले. स्वतः कळ फिरवून व्होल्टमीटरचा काटा दोनवर आणला आणि अमीटरवर वाकले.

"पॉइंट चोवीस," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "सात नंबरचं उत्तर दहा आहे, असं तुला कुणी सांगितलं होतं?"

कस्तुराबाईंनी दाराची चौकट धरली. या पोरीला खोटं बोलता येत नव्हतं, लहानपणापासून नाही. प्रांजलीने एकदाच दाराकडे बघितलं, आणि मग सरांकडे.

"सर, ते सगळ्यांनाच माहीत असतं."

खरं होतं ते. आणि आई त्यात नव्हती.

"मग तू का नाही लिहिलंस?"

"काटा चोवीसवर होता, सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. परत आपल्या जागी गेले. आधीच्या दोन दिवसांचा गठ्ठा त्यांनी पुढं ओढला, सुतळीची गाठ न सोडता कडेने कागद वाकवून वाकवून बघितले. सात नंबर पाच जणांना आला होता. पाचही जणांचं उत्तर दहा. आलेखाची रेघ अशी सरळ, की त्या तारेकडे कुणी बघितलंही नव्हतं हे दिसत होतं. सरांनी त्या सगळ्यांना भरभरून गुण दिलेले होते. त्यांनी मनस्विनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी खिडकीकडे.

"आमच्याकडंही असंच आहे," सर एवढंच म्हणाले आणि गठ्ठा बाजूला सारला. मग आवाज चढवून, "बारा मिनिटं राहिली! शक्तीचं गणित करा सगळ्यांनी. बाई, तुम्ही तुमच्या बाकावर बसा."

बाहेर येऊन कस्तुराबाई बाकावर बसल्या. आतून पेनांचा आवाज येत होता. मुलीला किती गुण पडले ते त्या दिवशी कळणार नव्हतंच. पडले असतील, नसतील. ज्यांनी बघितलंच नाही त्यांना पडले, एवढं मात्र पक्कं होतं.

चार वाजता मॅडम बाहेर आल्या. "सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या. प्राचार्यांना मला सांगावंच लागेल." दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "तुम्ही मला नुसतं येऊन सांगायचं होतं हो. नोंदवहीत एक ओळ."

"व्हय मॅडम."

बसमध्ये मायलेकींना जागा मिळाली नाही. मुकुंदवाडीपर्यंत दोघी दांडीला धरून उभ्या होत्या. उतरून गल्लीत वळल्यावर कस्तुराबाई म्हणाल्या, "माझ्यावर भरवसा नाय ठिवला तू."

"ठेवला म्हणून तर तीनदा वायरी सोडल्या, आई," प्रांजली म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एकदाच बघितलं असतं."

कस्तुराबाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

चहा झाल्यावर प्रांजली कागद घेऊन बसली. "मी लिहून देते खुलासा. 'नजरचुकीने सदर बाब नोंदवायची राहिली.' असं लिहितात."

"नजर कुठं चुकली? नजर तर नीट होती. वीत मोजून कापली की." त्यांनी कागद ओढून घेतला. "मी लिहिते. तू नुसतं सांग, जळाली कशानं ती?"

प्रांजलीने मागच्या कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. दहा ओहमला अडीच व्होल्ट दिले की पाव अँपियर वाहतो; अडीच गुणिले पाव, म्हणजे अर्ध्या वॅटहून थोडं जास्त. बारा व्होल्ट दिले की एक पॉइंट दोन अँपियर. बारा गुणिले एक पॉइंट दोन, चौदा पॉइंट चार वॅट. तेवीस पट. एवढी उष्णता त्या बोटभर गुंडाळीत.

"आता कापल्यावर कमी तापंल का मग?"

"उलट. रोध कमी झाला, म्हणून वीज जास्त जाते. आता कुणी बारा लावले तर सतरा वॅटच्या वर जाईल."

"कमी झालेली तार जास्त तापती?" कस्तुराबाई नाकातून हसल्या. "माझ्यासारखंच झालं की मग."

त्या लिहू लागल्या. अक्षर मोठं, दहावीतलंच राहिलेलं. डिसेंबर महिन्यात सात नंबरची तार जळाली. मी न विचारता कापली आणि सांधली. तार तीच म्हणून आकडा तोच राहील असं मला वाटलं. आकडा बदलतो. चूक माझी आहे. वीतभर तार कापली.

प्रांजली खांद्यावरून वाचत होती. "वीतभर म्हणजे किती, प्राचार्य विचारतील."

"वीत म्हणजे वीत. त्यांना हात नाय का?"

"त्यांची वीत वेगळी असेल. सेंटिमीटर लिहावे लागतील. ठेव हात."

तिने पट्टी कागदावर ठेवली. कस्तुराबाईंनी अंगठा एका टोकाला लावला, करंगळी ताणली. पाण्याच्या हंड्यांनी तळवा चिरलेला, बोटांची पेरं सुजलेली. हात टेकवला तसा तो थकव्याने थरथरायला लागला.

"हलवू नकोस," प्रांजली म्हणाली आणि पट्टीवर वाकली. करंगळीच्या टोकाशी कोणती रेघ येते ते तिने बघितलं. मग डोकं थोडं डावीकडे नेऊन परत बघितलं. कस्तुराबाईंचा हात अवघडला होता, पण त्यांनी तो तसाच ठेवला. पोरगी अजून एकदा बघणार, हे त्यांना माहीत होतं.